लाइव्हच्या पीसीला ग्राफिक्स कार्ड कोणतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी आलेल्या प्रश्नांत एकच विषय फिरून फिरून आलाय, लाइव्ह प्रॉडक्शनचा पीसी आणि त्यात कुठलं कार्ड घालायचं. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त हाच.

प्रश्न : नमस्कार ताई, मी सेमिनार, नाटकं, बक्षीस समारंभ असं लाइव्ह करतो. आतापर्यंत हार्डवेअर स्विचर होता, आता व्हीमिक्स या लाइव्ह मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरवर जायचंय म्हणून नवीन पीसी बनवतोय. १०८०पी ५० मध्ये (सेकंदाला ५० फ्रेम) चार एसडीआय (व्यावसायिक व्हिडिओ केबलचे) कॅमेरे, पुढे आठ करायचे आहेत, एक स्ट्रीम, एक रेकॉर्डिंग आणि हॉलमधल्या एलईडी वॉलला एक आउटपुट. सगळे म्हणतात गेमिंगमधलं सगळ्यात मोठं कार्ड घे, मग कशाची चिंता नाही. किती मोठं घेऊ?

उत्तर : सगळ्यात मोठं नको. तुमच्या कामाला ते लागणारच नाही आणि वर एक नवीन त्रास मागे लागेल, तो खाली सांगते.

आधी हे बघा की व्हीमिक्समध्ये कार्ड नेमकं काय करतं. तीन कामं करतं आणि तिन्ही वेगळी आहेत. पहिलं मिक्सिंग, म्हणजे कॅमेऱ्याची फ्रेम, त्यावरचं टायटल, बाजूची पिक्चर-इन-पिक्चर, कलर करेक्शन, क्रोमा की (मागचा हिरवा पडदा काढणं) हे सगळं एकत्र करून एक फ्रेम बनवणं. दुसरं ने-आण, म्हणजे कॅप्चर कार्डाकडून (कॅमेऱ्याचा सिग्नल पीसीत घेणारं कार्ड) आलेली फ्रेम मेन मेमरीतून ग्राफिक्स कार्डात चढवायची आणि तयार झालेली परत खाली आणायची, कारण रेकॉर्डिंगला आणि एसडीआय आउटला ती खालीच लागते. तिसरं एन्कोडिंग, म्हणजे स्ट्रीम आणि रेकॉर्डिंगसाठी व्हिडिओ दाबून लहान करणं. एनव्हिडियाच्या कार्डात एन्कोडिंगला एनव्हीएन्क नावाचा वेगळा भाग असतो, २०१२ च्या केप्लर पिढीपासून आहे, आणि मिक्सिंग करणारे कोअर वेगळे. गेमचे बेंचमार्क यातलं फक्त पहिलं काम मोजतात. त्या चार्टमध्ये वरचं कार्ड ते लाइव्हलाही वरचं असं धरून चाललात तर फसगत होते.

आता तुमचा हिशोब मांडू. १०८०पी ची एक फ्रेम कॅप्चर कार्डाकडून ४:२:२ आठ बिट या रंगाच्या फॉरमॅटमध्ये येते तेव्हा एका पिक्सेलला दोन बाइट, म्हणजे साधारण ४.१ एमबी. सेकंदाला ५० फ्रेम म्हणजे एका कॅमेऱ्याचे सुमारे २०७ एमबी प्रति सेकंद. आठ कॅमेरे म्हणजे १.६६ जीबी. ग्राफिक्स कार्डाला पीसीआय एक्सप्रेस (कार्डं मदरबोर्डला जोडणारी वाट, तिचे पदर म्हणजे लेन आणि पिढी म्हणजे जेन) जेन ३ च्या आठ लेन जरी मिळाल्या तरी कागदावर जवळपास ७.९ जीबी प्रति सेकंद जातं, म्हणजे तुमच्या आठ कॅमेऱ्यांना भरपूर जागा उरते. म्हणून आरटीएक्स ४०६० ला फक्त आठ लेन आहेत म्हणून ते घेऊ नका असं कोणी म्हणालं तर १०८०पी साठी तरी ते मनावर घेऊ नका. ४के ची गोष्ट मात्र वेगळी, तिथे ६० फ्रेमच्या एका इनपुटलाच जवळपास १ जीबी प्रति सेकंद लागतो आणि एक प्रोग्राम आउट चार बाइटमध्ये परत खाली आणायचा म्हटलं की आणखी २ जीबी, म्हणजे चार कॅमेऱ्यांचं ४के करणाऱ्याने लेन मोजल्याशिवाय बोर्ड घेऊच नये.

खरी अडचण होते ती कॅप्चर कार्डाची, आणि याकडे लोक बघतच नाहीत. आठ एसडीआय म्हटलं की बरेच जण डेकलिंक क्वाड २ घेतात. ते कार्ड पीसीआय एक्सप्रेस जेन २, आठ लेनचं आहे. आता साध्या मदरबोर्डवर वरचा लांब स्लॉट ग्राफिक्स कार्डाने घेतला की खाली जो दुसरा लांब स्लॉट दिसतो तो पुष्कळदा नुसता दिसायला लांब असतो, आत लेन चारच. टॉर्च मारून स्लॉटच्या आत बघा, बऱ्याच बोर्डांवर पिना पुढच्या थोड्याशा भागातच दिसतात आणि मागचा सगळा प्लॅस्टिक रिकामा असतो. कार्ड त्यात बसतं, विंडोजला दिसतं, दोन-तीन कॅमेरे व्यवस्थित चालतात आणि आठही लावले की फ्रेम गळायला लागतात. कारण जेन २ च्या चार लेन म्हणजे कागदावर २ जीबी, प्रत्यक्षात त्याहून कमी, आणि तुम्हाला हवेत १.६६, ६० फ्रेमला गेलात तर पूर्ण २. स्लॉट जेन ४ चा आहे म्हणून सुटका होत नाही, कारण कार्डच जेन २ चं आहे, ते त्याच्याच वेगाने बोलणार. शिवाय हा खालचा स्लॉट चिपसेटमधून (बोर्डावरच्या मदतनीस चिपमधून) येतो तेव्हा त्याच वाटेने एसएसडी, यूएसबी आणि नेटवर्कही जात असतात.

म्हणून तुम्ही आधी असा मदरबोर्ड शोधा ज्यात प्रोसेसरच्या १६ लेन दोन स्लॉटमध्ये आठ-आठ वाटता येतात. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं, खोक्यावरच्या फोटोवरून ठरवू नका. एका आठमध्ये ग्राफिक्स, दुसऱ्या आठमध्ये कॅप्चर, विषय मिटला.

आणि आता तो मोठ्या कार्डाचा त्रास. वरच्या रेंजची कार्डं तीन-साडेतीन स्लॉट जाडीची असतात. ते बसवलं की त्याच्या पोटाखाली तुमचा दुसरा आठ लेनचा स्लॉट झाकला जातो आणि कॅप्चर कार्ड ढकललं जातं सगळ्यात खालच्या चार लेनच्या स्लॉटमध्ये. म्हणजे जास्त पैसे घालून सेटअप कमी ताकदीचा झाला. कार्डाची लांबी सगळे विचारतात, जाडी कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा, आणि दोन कार्डांमध्ये हवा खेळायला थोडी फट राहते का तेही बघा, कॅप्चर कार्डसुद्धा चांगलंच तापतं.

तर तुमच्यासाठी सरळ उत्तर : आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० च्या वर्गातलं, ८ जीबीचं, दोन स्लॉट जाडीचं कार्ड. ४०६० ११५ वॅटचं आहे, पॉवर सप्लायवरही ताण नाही. व्हर्च्युअल सेट, ढीगभर फोटो आणि मोठी ग्राफिक्स, किंवा वर्षभरात ४के असं काही डोक्यात असेल तर १२ जीबीचं ४०७० किंवा ५०७० घ्या. त्याच्या वर जायचं कारण मला तुमच्या यादीत दिसत नाही. बसवून झाल्यावर खात्री अशी करा : जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, बस इंटरफेसच्या ओळीत आठ लेन दिसतायत का बघा. कार्ड रिकामं असताना तिथे जेन १.१ दिसेल, घाबरू नका, शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालू केली की खरा वेग दिसतो. मग आठही इनपुट लावून व्हीमिक्सच्या खालच्या पट्टीतला रेंडर टाइम बघा. ५० फ्रेमला एका फ्रेमला २० मिलिसेकंद मिळतात, तो आकडा त्याच्या बराच खाली राहिला पाहिजे, ट्रान्झिशन चालू असतानासुद्धा.

प्रश्न : ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरवर मॅचेसचं लाइव्ह करतो. जीटीएक्स १६५० आहे. बघणारे म्हणतात अडकतंय. नवीन कार्ड घेतलं तर थांबेल ना?

उत्तर : कदाचित थांबेल, कदाचित कार्डाचा संबंधच नसेल. विकत घ्यायच्या आधी ओबीएसचं स्टॅट्स पॅनल उघडून ठेवा आणि एक अख्खी मॅच होऊ द्या. तिथे तीन वेगवेगळे आकडे असतात आणि लोक तिघांनाही सरसकट फ्रेम ड्रॉप म्हणतात, तिथेच गडबड होते.

रेंडरिंग लॅगमुळे मिस झालेल्या फ्रेम वाढत असतील तर मिक्सिंगचा भार कार्डाला झेपत नाहीये. मग आधी स्कोअरबोर्डचे ब्राउझर सोर्स कमी करा, एकात एक घातलेले सीन मोकळे करा, त्याच मशीनवर दुसरं काही ग्राफिक्स खाणारं चालू असेल ते बंद करा, आणि विंडोजमध्ये ओबीएस अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून बघा, त्याने ओबीएसला कार्डावर प्राधान्य मिळतं, पुष्कळांचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो. एन्कोडिंग लॅगमुळे स्किप झालेल्या फ्रेम वाढत असतील तर एन्कोडरवर भार आहे. सेटिंगमध्ये एक्स२६४ निवडलेलं असेल तर भार प्रोसेसरवर पडतोय, एनव्हीएन्क करा. आधीच एनव्हीएन्क असेल तर प्रीसेट एक-दोन पायऱ्या खाली आणा, लुक-अहेड (पुढच्या फ्रेम आधीच बघून घेण्याची सोय) बंद करा, ते मिक्सिंगचेच कोअर वापरतं. आणि तिसरा आकडा, नेटवर्कमुळे ड्रॉप झालेल्या फ्रेम, तो वाढत असेल तर जगातलं कुठलंही ग्राफिक्स कार्ड तुम्हाला मदत करणार नाही, ते इंटरनेटचं दुखणं आहे, बिटरेट कमी करा किंवा दुसरी लाइन घ्या. मैदानावर मोबाइल डेटावर स्ट्रीम जात असेल तर मी आधी इथेच शंका घेईन.

१६५० बद्दल एक सांगायला हवं. त्याची मालिका ट्युरिंगची असली तरी सुरुवातीच्या १६५० मध्ये एन्कोडर त्याच्या आधीच्या पिढीचा आहे. १६५० सुपर आणि १६६० मध्ये ट्युरिंगचा आहे, आणि धावत्या खेळात, गवतावर कॅमेरा फिरतो तेव्हा तो फरक कमी बिटरेटला दिसतो. म्हणजे अडकत नसेल पण चित्र चिखल होत असेल तर कार्ड बदलण्यात अर्थ आहे.

प्रश्न : आमचे सगळे इनपुट नेटवर्कवरून एनडीआयने येतात. सहा कॅमेरे लावले की मशीन गुदमरतं. कार्ड आरटीएक्स ३०७० आहे, ४०८० घेऊ का?

उत्तर : थांबा, घेऊ नका. फुल बँडविड्थ एनडीआय उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो, ग्राफिक्स कार्ड नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ९०-९५ टक्क्यांवर आणि कार्डाचा ३डी ग्राफ आरामात, असं दिसेल बहुतेक. तिथे जास्त कोअरचा प्रोसेसर, दोन चॅनेलमध्ये लावलेली मेमरी आणि नीट गिगाबिट स्विच याला पैसे घाला. १०८०पी ६० चा एक फुल एनडीआय साधारण १२५ ते १५० मेगाबिट घेतो, सहा म्हणजे एका गिगाबिट पोर्टला बरीच गर्दी झाली, तेही तपासा. ज्या कॅमेऱ्यांचा एनडीआय एचएक्स आहे ते एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये येतात, त्यांचं डिकोडिंग कार्डाकडे देता येतं. पण ३०७० तुम्हाला पुरतंय.

प्रश्न : लॅपटॉपवर आरटीएक्स ४०६० आहे, मित्राच्या डेस्कटॉपवरही ४०६० आहे. सेम प्रोजेक्ट त्याच्याकडे पळतो, माझ्याकडे अडखळतो. लॅपटॉप खराब लागलाय का?

उत्तर : खराब नसावा. लॅपटॉपमधलं ४०६० कंपनीप्रमाणे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही पॉवरवर चालवलेलं असतं, नाव तेच. तुमच्या मॉडेलला किती वॅट दिलेत ते त्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये शोधा. चार्जर लावूनच काम करायचं, पॉवर मोड परफॉर्मन्सवर. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन ओबीएस किंवा व्हीमिक्स हाय परफॉर्मन्सवर टाका, नाहीतर सॉफ्टवेअर प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर उघडतं आणि तुमचं एनव्हिडिया नुसतं बसून राहतं. एचडीएमआय पोर्ट कुठल्या चिपला जोडलाय तेही बघा, काही लॅपटॉपमध्ये तो आतल्या ग्राफिक्सला असतो, मग प्रोजेक्टरला जाणारी प्रत्येक फ्रेम एका चिपकडून दुसऱ्या चिपकडे कॉपी होते.

नवीन लॅपटॉप घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की लॅपटॉपचं ४०७० ८ जीबीचं आहे आणि डेस्कटॉपचं १२ जीबीचं.

प्रश्न : एनव्हिडियाच पाहिजे का? एएमडी किंवा इंटेल आर्क घेतलं तर?

उत्तर : व्हीमिक्स असेल तर मी एनव्हिडियाच सांगते, तिथे रुळलेली वाट तीच आहे आणि ऐन कार्यक्रमात अडलं तर मदत करणारी माणसंही त्यावरचीच जास्त सापडतात. ओबीएससाठी एएमडीची आरएक्स ७००० मालिका आणि इंटेल आर्क दोन्ही चालतात, दोघांतही एव्ही१ (कमी बिटरेटला चांगलं चित्र देणारा नवा व्हिडिओ फॉरमॅट) एन्कोडर आहे. पण एएमडीची आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही दोन कार्डं लाइव्हसाठी अजिबात घेऊ नका, त्यांत हार्डवेअर एन्कोडरच नाहीये. एनव्हिडियाच्या जीटी १०३० मध्येही नाहीये. ही कार्डं स्वस्तातली म्हणून पटकन उचलली जातात आणि मग सगळं एन्कोडिंग प्रोसेसरच्या माथी येतं.

इंटेलचा प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी एफ असलेला टाळा, त्यात आतलं ग्राफिक्स नसतं म्हणजे क्विक सिंक, इंटेलची व्हिडिओ एन्कोड-डिकोड करायची सोय, गेलं. मिररलेस कॅमेऱ्याच्या एच.२६५ १० बिट ४:२:२ क्लिप्स कार्यक्रमात मध्येच लावायच्या असतील तर ते महागात पडतं, कारण क्विक सिंक त्या क्लिप्स डिकोड करतं आणि एनव्हिडियात ही सोय थेट आरटीएक्स ५० मालिकेत आली, ४० मध्येसुद्धा नाही. अर्थात सगळ्यात बरं म्हणजे अशा क्लिप्स आदल्या दिवशीच सोप्या फॉरमॅटमध्ये काढून ठेवाव्यात.

एव्ही१ साठी म्हणून कार्ड बदलायचं का, असंही एकाने विचारलंय. यूट्यूब एव्ही१ घेतं, पण तुम्ही एकाच वेळी तीन ठिकाणी पाठवत असाल तर बाकीच्या बऱ्याच ठिकाणी अजून एच.२६४ च लागतं. त्यामुळे फक्त त्यासाठी नको.

प्रश्न : आमचे सर म्हणतात प्रोफेशनल काम आहे तर प्रोफेशनल कार्डच पाहिजे, आरटीएक्स ए४०००. जीफोर्स घेतलं तर एन्कोडिंगवर मर्यादा असते म्हणे. खरं आहे का?

उत्तर : मर्यादा आहे, पण आता ती बहुतेकांना आड येत नाही. जीफोर्सवर एकाच वेळी तीनच एन्कोडिंग सेशन चालायची, ती २०२३ मध्ये पाच झाली आणि २०२४ मध्ये आठ. तुम्ही दोन क्वालिटीत स्ट्रीम आणि एक रेकॉर्डिंग करत असाल तर तीन झाली. प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं रेकॉर्डिंग हार्डवेअरवर करायचं असेल तर मात्र मोजायला बसा, आणि तेव्हा सेशनसोबत एन्कोडर किती आहेत तेही बघा, ४०७० मध्ये एक आहे, ४०७० टीआयपासून वर दोन.

ए४००० चा खरा फायदा दुसराच आहे. ते एका स्लॉटच्या जाडीचं आहे, १६ जीबी मेमरी आणि फक्त १४० वॅट. रॅकमधल्या बुटक्या केसमध्ये दोन कॅप्चर कार्डं बसवायची असतील तर सरांचं म्हणणं बरोबर आहे. चार प्रोजेक्टर जोडून एकच पडदा करायचा, सगळे आउटपुट एका सिंकवर बांधायचे, मोझेक (अनेक डिस्प्ले एकच पडदा म्हणून वापरायची एनव्हिडियाची सोय) वापरायचं, अशा कामालाही प्रोफेशनल कार्डच हवं, जीफोर्समध्ये ते मिळत नाही. यातलं काहीच नसेल तर त्याच पैशात जीफोर्स घेऊन उरलेले दुसऱ्या कॅप्चर कार्डाला वापरा.

प्रश्न : जुनं कार्ड पडून आहे, नव्यासोबत तेही लावलं तर ताकद वाढेल का?

उत्तर : नाही. व्हीमिक्स एकाच कार्डावर मिक्सिंग करतं. उलट दुसरं कार्ड लेन खाईल आणि मॉनिटर त्याला जोडलात तर फ्रेम इकडून तिकडे कॉपी होत राहतील. सगळे डिस्प्ले एकाच कार्डाला जोडा.

प्रश्न : चालू कार्यक्रमात कोणाचा तरी पाय लागून प्रोजेक्टरची केबल निघाली, आणि माझ्या सगळ्या विंडो इकडच्या तिकडे होऊन एलईडी वॉलवर डेस्कटॉप दिसला. कार्ड चांगलं असतं तर हे टळलं असतं का?

उत्तर : कार्डाचा दोष नाही. डिस्प्ले गायब झाला की विंडोज मांडणी बदलतं, कुठल्याही कार्डावर हेच होणार. ईडीआयडी इम्युलेटर मिळतो, बोटाएवढा तुकडा असतो, तो कार्डाच्या पोर्टला लावून पुढे केबल जोडायची, मग समोरचा प्रोजेक्टर बंद झाला किंवा केबल निघाली तरी विंडोजला वाटतं डिस्प्ले जागेवरच आहे. प्रत्येक बाहेर जाणाऱ्या आउटपुटला एक, असे बॅगेत कायम ठेवा. वॉलचा रिफ्रेश रेट तुमच्या शोच्या फ्रेम रेटशी जुळवा, ५० चा शो ५० वरच, नाहीतर कॅमेरा संथपणे फिरताना बारीक झटके दिसतात. आणि जमत असेल तर वॉलचं मुख्य आउटपुट ग्राफिक्स कार्डातून न देता कॅप्चर कार्डाच्या एसडीआय आउटमधून द्या, तिथे डेस्कटॉप दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : एनव्हिडियाचा ड्रायव्हर गेम रेडी ठेवू की स्टुडिओ? आणि अपडेट कधी करायचा?

उत्तर : स्टुडिओ. अपडेट कार्यक्रमाच्या आठवड्यात करायचा नाही, सॉफ्टवेअर विनवणी करत असलं तरी. मोकळ्या दिवशी करा, त्यानंतर तुमचा नेहमीचा पूर्ण सेटअप, सगळे इनपुट, स्ट्रीम, रेकॉर्डिंग लावून तीन-चार तास चालू ठेवा आणि जुन्या ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवा. जीफोर्सचं ओव्हरले आणि जी-सिंक दोन्ही बंद करून टाका. जीटीएक्स ९०० किंवा १००० मालिका अजून वापरताय त्यांनी ५८० ब्रँचचे ड्रायव्हर लावून तिथेच थांबायचं, त्या पिढ्यांना त्यापुढे नवीन फीचर येणार नाहीत, फक्त सिक्युरिटीचे अपडेट येतात. कार्ड लगेच निकामी होत नाही, पण लाइव्ह सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकण्याआधी तिला किमान कुठला ड्रायव्हर लागतो ते वाचून घ्या.